मधलं घर सोडून

नांदेडला जायचं माझं कारण सिनेमा होतं. घरच्यांचं कारण वेगळं होतं, आणि प्रवासखर्च घरच्यांनी दिला होता, म्हणून आधी त्यांचं सांगते.

माझ्या भावाला मुलगा झाला. बारसं निलंग्यात, आमच्या घरी. बाळाची आत्या म्हणून कानात नाव मी सांगणार आणि पाठीवर बुक्के मी खाणार. आता माझी आत्या नांदेडला राहते. अप्पांची सख्खी बहीण. माझं नाव तिनंच ठेवलेलं. तिच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका तिनं आम्हाला व्हॉट्सअपवर पाठवली होती. सख्ख्या भावाला, फोटो काढून, तोही तिरका. अप्पा लग्नाला गेले नाहीत आणि तेव्हापासून संधीची वाट बघत होते.

योजना काकूची. ती आत्याला ताई म्हणते. "ताईच्या डावीकडच्या घरी पत्रिका द्यायची. उजवीकडच्या घरी द्यायची. हातात, रीतीनं, अक्षता ठेवून. मधलं घर सोडून यायचं."

सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. अप्पा नांदेडच्या दवाखान्यात होते तेव्हा या दोन्ही घरांनी डबे पुरवले होते, त्यामुळे बोलावणं शोभणारं होतं. आणि नांदेडहून निलंग्याला बारशाला येतंय कोण, असं सगळ्यांचं मत पडलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी गॅस बंद केलाय का ते बघायला फाटकातून परत येणारी मुलगी आहे. खोटं बोलू नये, दारी आलेल्याला आधी पाणी विचारावं, हे मला याच लोकांनी शिकवलं. मी आईला एकटीला गाठून विचारलं, "हे बरोबर आहे का?"

"मी ह्या घरची सून हाय," आई म्हणाली. "मला विचारू नको. ही शेंगदाण्याची चटणी घेऊन जा."

"कुणाला?"

"आसू दे जवळ."

आता सिनेमा. तो लातूरला लागला आणि मी मन तयार करेपर्यंत उतरलाही. नांदेडला चालू होता. जुन्या काळातली, इतिहासावर बेतलेली गोष्ट: एका देशाची माणसं मारली जातात, आणि त्या देशाचं सरकार सूड घ्यायला परदेशात गुपचूप माणसं पाठवतं. बाहेर मान्य काहीच करायचं नाही. हे वर्णन वाचून मला खरंतर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

तुम्ही निलंग्याहून निघणार असाल तर स्टँडजवळ निलंगा राईस खाऊन निघा. तिखट असतो, लिंबू पिळून घ्या, आणि पाण्याची बाटली खाण्याआधी विकत घ्या. लातूरला गाडी बदलायची. पुढं चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचते. बायकांना अर्धं तिकीट. डाव्या बाजूची खिडकी धरा, दुपारपर्यंत ऊन कमी लागतं.

चाकूरला शेजारी एक बाई येऊन बसल्या.

"कुठं चालल्या?"

"नांदेडला. सिनेमाला."

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "घरी टीव्ही न्हाई का?"

लोह्यापर्यंत मी ठरवलं, की आधी पत्रिका देऊन टाकायच्या, मग सिनेमा, मग रात्रीची गाडी. आत्याला कळायच्या आत मी अहमदपूर ओलांडलेलं असेल.

आत्याची गल्ली अरुंद आहे. डावीकडं सूर्यवंशीकाका, निवृत्त एसटी कंडक्टर. त्यांना पत्रिका दिली तर त्यांनी आधी बारशाची तारीख वाचली, मग गाड्यांच्या वेळा मनात जुळवल्या. ते मला जरा गंभीर वाटलं, पण मी थांबले नाही. आत्याच्या दारासमोरून मान खाली घालून पुढं गेले आणि उजवीकडं जोंधळेकाकूंची कडी वाजवली.

दार आत्यानं उघडलं.

ती त्यांच्याकडं तुरीच्या शेंगा सोलायला बसली होती. "आलीस का गं," म्हणाली आणि माझ्या हातातल्या पत्रिकेकडं बघितलं. पत्रिकेवर जोंधळ्यांचं नाव ठळक अक्षरात होतं, काकूनं स्वतः लिहिलेलं. जोंधळेकाकू आतून हात पुसत आल्या, पत्रिका कपाळाला लावली, आणि बोलावणं घेऊन आलेल्या मुलीला हळदीकुंकू लावायला हवं म्हणून करंडा शोधू लागल्या.

"शेल्फावर हाय, डब्यामागं," आत्या म्हणाली. मग तीच उठली, करंडा आणला आणि मला कुंकू तिनंच लावलं. थोडं वाकडं लागलं म्हणून बोटानं पुसून सरळ केलं.

"कशाला आलीस?"

"सिनेमाला," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"मग मी पण येते. पाय दुखला तर उठून येऊ."

मध्ये तिच्या घरी चहा झाला, पोहे झाले. मी चटणी काढून ठेवली. आत्यानं झाकण उघडून वास घेतला. "वहिनीची हाय," एवढंच म्हणाली.

सिनेमागृहाविषयी: मॉलमधलं आहे, दुपारच्या खेळाला गर्दी नसते, पॉपकॉर्नचा भाव ऐकून मागं फिरायला लाज वाटू देऊ नका. आत्यानं पर्समध्ये शेंगदाणे आणि गूळ आणला होता. दारावरच्या मुलीनं पर्स उघडायला लावली तेव्हा आत्यानं तिलाही मूठभर दिले.

सिनेमातला नायक लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर बनून एका म्हाताऱ्याच्या इमारतीत शिरतो. म्हातारा त्याच्या यादीतला. नायकाला घाम फुटलेला बघून तो म्हाताराच आतून पाण्याचा ग्लास घेऊन येतो.

"पिऊ नको रे," आत्या पडद्याला म्हणाली. नायकानं पाणी घटाघटा संपवलं. "पिला बघ. आता कसा मारतो."

पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून पाहिलं. मी खुर्चीत खाली सरकले. माझ्या पोटात तिचे पोहे होते.

तो मारतो. त्यानंतर गावं बदलतात, हॉटेलं बदलतात, आणि नायक पलंग सोडून कपाटात झोपायला लागतो. आत्या गूळ फोडत म्हणाली, "सरकार तिकडं घरी घोरून राहिलंय. झोप ह्याची गेली." शेवटी तो मायदेशी परततो, तेव्हा टाय लावलेला साहेब त्याला शांतपणे सांगतो, की असा आदेश कुणी दिलाच नव्हता.

इतका चांगला सिनेमा मी इतक्या वाईट अवस्थेत कधी पाहिला नाही.

रात्रीची गाडी अर्थातच हुकली. आत्यानं ज्वारीची भाकरी केली आणि मी तिच्याच पलंगावर, तिच्या शेजारी झोपले. सकाळी ती मला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेली. जाणार असाल तर डोकं झाकायला ओढणी ठेवा, चपला ठेवायची सोय चोख आहे, आणि लंगरमध्ये कुणीही बसू शकतं. आम्ही पंगतीत मांडी घालून बसलो, म्हणजे मी बसले. आत्यानं एक पाय लांब केला.

वाढणारा पुढं सरकल्यावर मी म्हणाले, "आत्या, बारशाला ये."

तिनं पोळीचा तुकडा डाळीत बुडवला. "हे तू बोलून राहिलीस का तुझा बाप?"

मला खोटं बोलता आलं असतं. "मी."

"मग न्हाई येत. त्याला म्हणावं, फोन कर. पत्रिका नको, अक्षता नको. नुसता फोन."

"पण तू व्हॉट्सअपवर का पाठवलीस गं?"

"पाय प्लास्टरमधे होता. कशी येऊ निलंग्याला? आन् भाऊ बघायला तरी आला का?"

परतीच्या बसमध्ये मी हे तोंडपाठ केलं आणि घरी शब्द न गाळता सांगितलं. अप्पा म्हणाले, पाय मोडल्याचं तिनं कळवलंच नव्हतं, बाहेरच्यांकडून ऐकलं, मग कशाला जायचं. तिनं का कळवलं नव्हतं, यालाही काहीतरी कारण निघालं असतं. मी पुढं विचारलं नाही.

काकूला मात्र एकच जाणून घ्यायचं होतं. "तोंड कसं झालतं तिचं?"

"माझं कुंकू वाकडं लागलं होतं, ते तिनं सरळ केलं."

काकू भांडी आवरू लागली. जरा वेळानं म्हणाली, "आम्ही कुठं म्हणलं तिला बोलावू नको? आम्ही म्हणलं, डावीकडं दे, उजवीकडं दे."

हे वाक्य मी आदल्या दुपारी ऐकलं होतं, फक्त टाय लावलेल्या माणसाच्या तोंडून.

"आन् तिनं फोन करावा की," अप्पा म्हणाले. "तिला हात न्हाईत का?" त्यांनी फोन केला नाही.

बारशाच्या दिवशी दारात क्रूझर जीप थांबली. आतून सूर्यवंशीकाका उतरले, त्यांच्यामागून सूर्यवंशींचं अख्खं घर, त्यामागून जोंधळे. नवी लुगडी, नवे सदरे, बाळाला चांदीचा वाळा, केळीचा एक घड. आमच्याकडच्या पाहुण्यांना वाटलं, सुनेच्या माहेरचे आले. सुनेच्या माहेरच्यांना वाटलं, आमचे कुणी मोठे लोक आले. ते इतक्या लांबून आलेले, म्हणून त्यांना पाळण्याजवळ पुढची जागा मिळाली.

मी बाळाच्या कानात कुर्र केलं, बुक्के खाल्ले. गलका थांबल्यावर जोंधळेकाकू अप्पांना मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "आम्ही निघताना ताईंना म्हणलं, चला की, गाडीत जागा हाय. तर म्हणल्या, मला बोलावणं न्हाई. भाऊ, असं कसं झालं हो?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. अप्पा उठले. फोन घेऊन मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "आता कुठं पोचती म्हणली. बाळाचं नाव विचारून घेतलं."

आता बहीणभावाचं बोलणं सुरू आहे. गुडघ्याच्या तेलाविषयी बोलतात. मी नांदेडला पुन्हा जाईन, आणि तुम्हीही जा. सिनेमा मात्र एकटीनं बघा असं सांगेन.

बारशाचा अल्बम परवा आला. पाळण्यामागं अप्पा, त्यांच्या दोन्ही बाजूंना सूर्यवंशी आणि जोंधळे, सगळे हसताहेत. जो अल्बम बघतो तो विचारतो, हे कोण? सांगायची वेळ माझ्यावर येते, कारण त्यांना पत्रिका देऊन आलेली मीच. हे आत्याचे शेजारी, मी म्हणते. मग पुढचा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर द्यायला काकू, आई, अप्पा यांपैकी कुणीच खोलीत थांबत नाही.