शिवप्पाचं इष्टलिंग आणि माझा पाय

“काका, अप्पा गेले.” शिवप्पाच्या मुलानं फोनवर एवढंच सांगितलं. त्याला आता महिना होत आला. तेव्हा रडू आलं नाही. या वयात रडायलासुद्धा अंगात बळ लागतं... नुसता कॉटवर बसून राहिलो.

शिवप्पा माझा हुमनाबादच्या शाळेपासूनचा दोस्त. निजामावर पोलीस ॲक्शन झाली, जहागीरदाराच्या शिकारगाहावरचे पहारेकरी पळाले आणि तोवर लांबूनच पाहिलेल्या त्या राखीव रानात आम्ही दोघं घुसलो. कुसळी गवताचा अफाट माळ, काळविटांचे कळप, जहागीरदारानं हौसेनं लावलेलं सुरूचं बन आणि त्यापलीकडे जांभ्या दगडातल्या गुहा. उन्हानं जीव मेटाकुटीला आला होता. एका गुहेत मांडीएवढं गार पाणी दिसलं, तसे उतरलो. तिथं शिवप्पाच्या गळ्यातला दोरा तुटला आणि इष्टलिंगाची चांदीची डबी पाण्यात गेली.

त्याचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. लिंगायताला लिंगाशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय अन्न नाही. त्याचे आजोबा तर, लिंग हरवलेल्यानं जगूच नये, असं मानणारे. आम्ही गाळ चाचपत राहिलो. ऊन उतरलं, माझ्या पायांत गोळे आले.

“उद्या येऊ की रे,” मी वैतागून म्हणालो.

“तू जा. मी न्हाई येत. लिंगाबिगर कोणत्या तोंडानं घरी जाऊ?”

त्याला एकट्याला सोडवेना. चरफडत वळलो, तोच उजव्या तळव्याखाली काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. दुसऱ्याच्या देवावर पाय!

“शिवप्पा, माझ्या पायाखाली हाय...”

“हालू नको!” त्यानं बुडी मारली, दोन्ही हातांनी माझा पाय उचलून डबी काढली, कपाळाला लावली. काठावर आल्यावर तेच कपाळ त्यानं माझ्या चिखलानं भरलेल्या पायावर टेकलं.

“आरं, कामून असं करायलास?” मी ओरडलो.

“ह्या पायालाच देव घावलाय,” म्हणाला.

पुढे भाषेवरून प्रांत वाटले गेले, हुमनाबाद कर्नाटकात गेलं. मी लातूरला आलो, तो तिथंच राहिला. पण दर भेटीत, अगदी भर लग्नाच्या मांडवातही, हा बाबा वाकून माझ्या उजव्या पायाला हात लावायचा. लोक हसायचे, मी चिडायचो. त्याला कशाचंच काही नसे.

फोन आल्यावर निघालो, पण मी पोचलो तोवर त्याला लिंगायतांच्या रीतीनं समाधीच्या खड्ड्यात बसवलं होतं, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. सगळे माती लोटत होते, मीही लोटली. फार थकल्यासारखं झालं.

संध्याकाळी घरी आलो. सुनेनं पाय धुवायला पाणी ठेवलं होतं. डावा धुतला. उजव्यावर त्याच्या समाधीची लाल माती होती... तांब्या तसाच खाली ठेवला.