म्हशींविरुद्धचा अर्ज

आमच्या कॉलनीला पन्नास वर्षं होतायत म्हणून एक पुस्तक निघणार आहे. सर्वांत जुना रहिवासी मीच, म्हणून इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं. सेक्रेटरी डॉक्टरीणबाई घरी सांगायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "काका, म्हशींचा किस्सा घ्याच बरं का. वकीलसाहेबांनी तक्रार केली नि दूधकट्टा उठला, तो." मी "बघतो" म्हणालो. त्यानंतर तीन आठवडे मला एक ओळ लिहिता आली नाही.

आम्ही इथं आलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता. पहिले प्लॉट घेतले ते गुळाच्या व्यापाऱ्यांनी, दोन-तीन डॉक्टरांनी आणि माझ्यासारख्या उद्यमनगरात कारखाना काढलेल्यांनी. बहुतेक जण जुन्या शहरातल्या शिवाजी पेठेतले. पेठेत भिंतीला भिंत लागून राहिलेली माणसं, त्यामुळं बंगल्याभोवतीच्या मोकळ्या जागेचं करायचं काय हे कुणाला कळेना. कोणी गुलाब लावले, कोणी वांगी. फुटबॉलची मॅच असली की सगळे पुरुष पेठेकडं पळायचे आणि बायका म्हणायच्या, इथं नुसत्या चिमण्या बोलतात. कंपाउंडच्या भिंती तेव्हा कमरेएवढ्या होत्या.

आम्हांला शेजारी केलं ते दूधकट्ट्यानं. नदीपलीकडच्या गावातले एक गवळी, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, रोज दिवेलागणीला चार म्हशी घेऊन वकिलांच्या फाटकासमोर यायचे. ज्यानं त्यानं आपापला ग्लास घेऊन जायचं. मामा थेट ग्लासात धार काढून द्यायचे. वर चार बोटं फेस. फेस बसायची वाट बघत डॉक्टर, व्यापारी, कारखानदार रस्त्यात उभे असायचे. कुणी ग्लास उंच धरून तक्रार केली, की मामा म्हणायचे, "पावणं, फेसबी म्हशीनंच दिलाय की. त्येचं काय येगळं घेतोय व्हय मी?"

तो कट्टा मी उठवला.

माझ्या मुलीला बघायला पुण्याहून पाहुणे आले ते नेमके त्याच वेळेला. मुलाच्या आईचा पाय शेणात गेला. आमच्या ओसरीत त्या पाय धूत होत्या आणि हसत म्हणाल्या, "बंगला छान आहे, पण गोठ्यात बांधलाय." मी पण हसलो. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या टाइपरायटरवर दोन बोटांनी अर्ज बडवला. म्हशींमुळं दुर्गंधी, डास, रहदारीला अडथळा. सहीच्या जागी "एक त्रस्त रहिवासी". त्या स्थळाकडून पुढं काही निरोप आला नाही. मुलगी नंतर सांगलीला दिली, सुखात आहे.

महापालिकेचा माणूस आला, टाइप केलेला अर्ज सगळ्यांना दाखवून कट्टा बंद करा असं सांगून गेला. मामांनी वाद घातला नाही. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना एकेक ग्लास भरून दिला, मलाही दिला, आणि मी तो उभ्या उभ्या प्यालो. वकिलांच्या फाटकाकडं बघत मामा मोठ्यानं म्हणाले, "मोठ्या लोकांस्नी वास येतोय म्हणं. आमी गावात हाय, यायचं त्येनी या." वकील त्याच वेळी ग्लास घेऊन पायरी उतरत होते. ते थांबले आणि तसेच आत गेले.

अर्ज चांगल्या मराठीत होता, म्हशी वकिलांच्या दारात उभ्या राहायच्या, आणि त्यांची बायको रोज सकाळी कुरकुरत फाटकासमोरचं शेण धुवायची. अर्ज वकिलांचाच, असं ठरवायला लोकांना एवढं पुरलं. कोणी वकिलांचं नाव घेतलं, की मी पाणी प्यायला उठायचो. बायकांनी वकिलांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, हळदीकुंकवाला बोलावणं कमी केलं. "म्हशींचा आला, उद्या तुम्हांला आमचा वास यायचा," असं एकीनं त्यांना तोंडावर म्हटलेलं माझ्या बायकोनं घरी येऊन सांगितलं, तेव्हाही मी पाणी प्यायलाच उठलो. संध्याकाळी रस्त्यावर उभं राहायला कुणाला कारण उरलं नाही. भिंती वाढत गेल्या. आता फाटकं आतून बटण दाबून उघडतात, आणि तिसऱ्या बंगल्यात कोण राहतं हे मला माहीत नाही.

वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या.

गेल्या मंगळवारी सकाळी मी वकिलांकडं गेलो. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. ऐकू कमी येतं, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं.

"साहेब, तो अर्ज मी केला होता."

"कसला?"

"म्हशींचा. कट्ट्याचा."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "टाइप केलेला होता तो."

"माझ्या कारखान्यात. मीच केला, दोन बोटांनी."

मला वाटलं, आता फाटक दाखवतील. पण ते म्हणाले, "म्हणजे हिनं केला नव्हता."

मला कळेना. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. वहिनी लग्नाआधी कोर्टात टायपिस्ट होत्या. त्यांचाच अर्ज, असं वकिलांनी तेव्हाच धरलं होतं. एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, मी नाही केला. वकील म्हणाले, "बरं." त्या "बरं"वर त्या आठ दिवस बोलल्या नव्हत्या.

"लोक मला बोलायचे, मी ऐकून घ्यायचो," वकील म्हणाले. "वाटायचं, बायकोला पाठीशी घालतोय. केवढं मोठं मन माझं! आणि ती खरं बोलत होती की, अरे माणसा!"

मी हात जोडले. ते म्हणाले, "ते राहू द्या. लिहून आणलंय का?"

आदल्या रात्री पुस्तकासाठी लिहिलेला, खिशातला कागद मी दिला. त्यांनी लाल पेन मागवलं. मला किती वाईट वाटतं ते मी पाऊण पान लिहिलं होतं, ते सगळं त्यांनी खोडलं. "हे पुराव्यात येत नाही." मग समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: माझ्या पत्नीचा या अर्जाशी काहीही संबंध नव्हता. आणि म्हणाले, "आता सही करा. तेव्हा केली नव्हती ती."

मी सही केली.

कागद घेऊन ते आत गेले आणि वहिनींच्या फोटोसमोर उभे राहून वाचायला लागले. ऐकू न येणारा माणूस किती मोठ्यानं वाचतो ते त्याचं त्याला कळत नाही. शेजारच्या बाई भिंतीपलीकडून टाचा उंचावून बघायला लागल्या. "काका, काय झालं? सगळं बरं आहे ना?" वहिनींना तोंडावर ते वासाचं वाक्य ऐकवणाऱ्या बाईंची ही सून.

"या की आत," वकील ओरडले. "फाटक उघडंच हाय. पहिल्यापासून वाचतो. सासूबाईंनापण आणा."

दोघी आल्या. म्हाताऱ्या बाई काठी टेकत खुर्चीत बसल्या आणि वकिलांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी पायरीवर बसून ऐकत होतो. माझ्याच गुन्ह्याचं वाचन चाललं होतं आणि कित्येक वर्षांनी मला भूक लागल्यासारखं वाटत होतं. वाचून झाल्यावर त्या म्हाताऱ्या बाई माझ्याकडं न बघता फोटोसमोर गेल्या, तिथल्या करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन वहिनींच्या फोटोला लावलं, आणि सुनेला म्हणाल्या, "चल. अजून पलीकडच्या दोन घरी सांगायचंय."