आईचा पेला

प्रभुभोजनासाठी काळी द्राक्षं उकळत ठेवली की त्या वासाने मी सांगलीतल्या आमच्या जुन्या चर्चमध्ये जाऊन बसते.

एका पुरुषावर आपलं प्रेम आहे, असं दादाने घरात सांगून आठवडा झाला होता. पप्पा चर्चचे पंच. त्यांच्या लेखी ते पाप. त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे फिरवताना त्यांनी दादाला वगळलं. आईने आपला पेला त्याच्या हातात दिला.

"घे रं. ही पंगत तुज्या पप्पांची न्हाई, प्रभूची हाय."

शरमेने मी मान खाली घातली. समोर फक्त पप्पांचे बूट दिसत होते.

पाप हा शब्द पप्पांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पण दादाचं पिऊन होईपर्यंत ते बूट जागचे हलले नव्हते, हे मला आता आठवतं. रिकामा पेला ठेवायला ट्रेही त्यांनीच खाली धरला होता.