पाडव्याचं सोनं, भंगारातलं

पाडव्याला गुंजभर तरी सोनं घरात यायलाच हवं, म्हणून एका वर्षी मी ते कॉम्प्युटरमधून काढलं.

कारण माझ्या नणंदबाई! दर पाडव्याला नांदगावहून यायच्या आणि चपला काढायच्या आत विचारायच्या, "यंदा काय घेतलंस गं, सुमन?" त्या वर्षी हात आखडता होता. पण वन्संसमोर "काही नाही" म्हणायचं? मी? माळ्यावर यांनी अंबडच्या कारखान्यातून भंगारात आणलेले कॉम्प्युटर धूळ खात होते. त्यातल्या हिरव्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, असं मी वाचलं होतं. (अर्धंच वाचलं होतं.)

आदल्या दिवशी सराफ बाजारातून तेजाब आणलं आणि गच्चीत बसले. भांडं कोणतं घ्यावं? शुद्ध कामाला शुद्ध भांडं! गुढीवर पालथा घालायचा तांब्याचा गडू घेतला, त्यात पट्ट्या टाकल्या आणि वरून तेजाब ओतलं.

भस्सकन तपकिरी धूर! शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं बाई, माझ्या कुरडया पिवळ्या पडल्या!"

"सोन्याचा धूर निघतोय, काकू. नशीब समजा!"

तेवढ्यात गडूतलं तेजाब हिरवंगार झालं. मी ओरडले, "अहो, निघालं!"

हे वर येऊन डोकावले. "निघालंय खरं, पण तांबं! गडू विरघळतोय!"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" असं मी म्हणतेय तोवर गडूचा तळच सुटला. फरशी फसफसायला लागली. बादल्या ओतून ओतून कंबर गेली. पण त्या पाण्यावर सोन्याचे बारीक पापुद्रे तरंगत होते! खरेखुरे! ते धुऊन मी कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवले.

सकाळी वन्सं हजर. "गुढीवर स्टीलचा गडू?"

"तांब्याचा सोनं काढण्यात गेला."

"आणि सोनं?"

मी ऐटीत करंडा उघडला. त्यांनी तो नाकाशी नेला. "कुठाय?"

"चष्मा लावा."

पण त्याआधी तेजाबाचा उग्र वास नाकात गेला आणि वन्संनी सणसणीत शिंक दिली. करंडा रिकामा! त्यांच्या नाकावर मात्र कण चमकत होते.

"हलू नका!" मी बोट ओलं करून पुढे झाले. त्यांनी पदरानं तोंड खसाखसा पुसलं आणि दुपारच्या गाडीनं तो पदर नांदगावला गेला.

मी फोन लावला. "वन्सं, ती साडी धुऊ नका."

"धुतेय कशाला? साडीच पाठवते. घाल तेजाबात!"

"पाठवा," मी म्हटलं. "या खेपेला काचेची बरणी घेते."