लिंबोणीवरची बाळं

दुपारचं जेवण झाल्यावर विनया मागच्या पडवीतल्या खाटेवर आडवी होते. झोपायला नव्हे, नुसती पाठ टेकायला. उद्या सकाळी तिला नागपूरला परतायचं आहे. कॉलेजची रजा संपली. कपाटं आवरून झाली, आईच्या साड्या वाटून झाल्या. फलटणच्या या दोन खोल्यांच्या घरात आवरायचं उरलंय ते फक्त अंगण. ते तिनं मुद्दाम शेवटावर टाकलं आहे.

पडवीला लागूनच लिंबोणी आहे. हात लांबवला तर पान हाताला यावं, इतकी जवळ. तिच्या एका फांदीची सावली विनयाच्या पायांवर येते, सरकते, पुन्हा येते. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी वाजते आणि वाजता वाजताच कुठेतरी विरून जाते.

"पाय वर घे की जरा. बसू दे मला."

विनया पाय आखडून घेते. आई खाटेच्या कडेला टेकते. आईला जाऊन अडीच महिने झाले हे विनयाला ठाऊक आहे, आणि आईला बसायला जागा करून द्यायला हवी हेही ठाऊक आहे. झोपेत या दोन गोष्टींचं भांडण होत नाही.

आईच्या अंगावर नोकरीतली पांढरी साडी आहे, बारीक निळ्या काठाची. मांडीवर दवाखान्यातला स्टीलचा ट्रे, आणि ट्रेमध्ये लिंबोणीची पानं. एकेक पान उचलून ती दोन्ही बाजूंनी निरखते आणि पदरानं पुसते.

"काय करतेस?"

"तपासणी. कोवळ्या पानाच्या मागं बघायचं असतं. मोहरीपेक्षा लहान असतंय अंडं. तुझ्या चष्म्याला नाही दिसायचं."

बत्तीस वर्षं आईनं, म्हणजे कुमुद नर्सबाईंनी, आसपासच्या गावांतली बाळंतपणं केली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. त्यांनी अंगणातली फरशी उखडली. आधी झेंडू लावला, घाणेरीची फुलं लावली, मग एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं की फुलपाखरं येतात, मध पितात आणि निघून जातात. त्यावर त्यांनी आपल्या धंद्यातलं निदान काढलं. फुलावर फुलपाखरू नुसतं चहाला येतं; अंडी घालायला त्याला बाळंतपणाचं घर लागतं, आणि त्याच्या पिल्लांना चालेल तेच पान असावं लागतं. मग त्यांनी एकासाठी लिंबोणी लावली, दुसऱ्यासाठी कुंपणाला रुई वाढू दिली, तिसऱ्यासाठी कुंड्यांतून पानफुटी आणली. प्रत्येक झाडाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक केसपेपर बांधला. अंडं दिसलं ती तारीख, अळी बाहेर आली ती तारीख, कोश, आणि शेवटी 'डिस्चार्ज'.

हे सगळं त्यांनी लेकीला फोनवरून सांगितलं होतं. एकदा नाही, दोन वर्षं, जवळजवळ दर रविवारी. विनया तेव्हा पेपर तपासत असायची. फोन कानाशी, लाल पेन हातात. "हं. हं. वा!" म्हणायची. तिच्या मनात आईची बाग म्हणजे फुलं, आणि फुलांवर फुलपाखरं. पुस्तकांत असतात तशी.

आषाढात आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा विनया धावत आली. घरी सोडणार म्हणाले त्याच्या आदल्या दिवशी तिनं घर झाडलं, चादरी बदलल्या, आणि मागच्या दारी आली. पाहते तर लिंबोणी बोडकी झालेली. शेंड्यांना नुसत्या शिरा. पानांवर पक्ष्यांची शीट पडल्यासारखं काहीतरी, आणि खालच्या फांद्यांवर बोटभर लांबीच्या हिरव्यागार अळ्या. आई घरी येणार, खाटेवरून तिला हेच झाड दिसणार! विनया बाजारात गेली, अळीचं औषध आणलं, नाकाला ओढणी बांधून झाड न्हाऊ घातलं. दुसऱ्या सकाळी मेलेल्या अळ्या सुपलीत भरून बाहेर टाकल्या. केसपेपर होता, तिथंच दोऱ्याला लोंबत. पावसानं पिशवी आतून धुरकटली होती. तिनं वाचला नाही.

दुपारी आईला खाटेवर ठेवलं. तिनं पहिलं पाणी मागितलं आणि मग विचारलं, "लिंबोणीवरची माझी बाळं कशी आहेत गं?"

विनयाला त्या क्षणी सगळं कळलं. आणि ती म्हणाली, "उडाली, आई. सगळी फुलपाखरं झाली."

त्यानंतर आई अकरा दिवस होती.

आता आई ट्रेमधलं एक पान उचलते, देठ मोडते आणि तोंडाकडे नेते. विनयाला ही सवय ठाऊक आहे. जे झाड लावायचं त्याचं पान आधी स्वतः चावून बघायचं.

"आई, नको."

"का?"

"धुतलेलं नाही ते."

"पुसलंय की पदरानं."

"तरी नको."

आई पान खाली ठेवते. "बरं बाई. प्रोफेसरीणबाईंची ऑर्डर." ती उठते आणि चालू लागते. विनया मागोमाग जाते. पडवीची पायरी उतरली की अंगण लागायला हवं. लागतो तो विनयाच्या कॉलेजचा वर्ग. सगळ्या बाकांवर उत्तरपत्रिकांच्या जागी पानं मांडली आहेत, एका बाकावर एक. आई शेवटच्या बाकावर बसली आहे, पायांतल्या चपला काढून.

"घे हजेरी," आई म्हणते.

विनया हजेरीपट उघडते. त्यात नावं नाहीत, नोंदी आहेत. अंडं, बुधवार. अळी, शनिवार. प्रत्येक नोंदीपुढे तिच्याच लाल पेनानं लिहिलं आहे: हं. हं. वा!

"तू ऐकायचीस ना फोनवर?" आई विचारते. आवाजात आरोप नाही. रुग्णाला विचारावं, जेवलात का, तसा.

"ऐकायचे."

"मग सांग बघू, अळी लहान असताना कशी दिसते?"

विनया फळ्याकडे बघते. फळा कोरा आहे.

"शिटेसारखी," आईच सांगते. "पक्ष्यानं बघितलं तरी किळस येऊन सोडून द्यावं म्हणून. पक्षी फसतो, बरं का. माणूस नाही फसत. माणसाला घाण दिसली की पुसायचीच असते." आणि ती त्या बाकावरचं पान उचलते, तोंडाकडे नेते.

"आई, थांब!"

"अगं, काय झालंय काय तुला? लहान असताना सुद्धा एवढी ओरडली नाहीस."

"कडू असेल ते."

"असू दे. मी काय साखर मागितली?"

विनया तिच्या हातातून पान घ्यायला जाते, आणि बाकांच्या मधली वाट लांबत जाते. भिंतीला अर्धा हिरवा रंग येतो. फिनेलचा वास येतो. वर्ग उरत नाही. हा आईच्या आरोग्य केंद्रातला बाळंतिणींचा वॉर्ड आहे. लहानपणी शाळा सुटल्यावर विनया इथं येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर गोष्टीची पुस्तकं वाचायची. लोखंडी खाटा ओळीनं आहेत, खाटांवर कुणी नाही, फक्त पांढऱ्या चादरी, आणि प्रत्येक चादरीच्या मधोमध एक हिरवी अळी, मान उंचावून. सगळ्या विनयाकडे बघताहेत. मारायला धावत नाहीत, पळत नाहीत. वाट बघताहेत.

आई खाटांमधून फिरते, चादरींच्या सुरकुत्या काढते. शेवटच्या खाटेवर बसते. पान अजून तिच्या हातात आहे. ओठांपाशी.

आता इतकंच अंतर आहे. विनयाला कळतं की धुतलेलं नाही, कडू आहे, ही सगळी कारणं संपली. आता एक तर आई ते पान खाणार, नाही तर ती सांगणार.   शब्द आहे, पण तो उचलायला बळ नाही.

"मी औषध मारलं होतं त्यावर," विनया म्हणते.

आई पान खाली घेत नाही, वरही नेत नाही.

"उडाली नाहीत ती. एकही नाही. तू घरी यायच्या आदल्या दिवशी मी औषध फवारलं. सकाळी सुपलीत भरून टाकली. मला झाड हिरवं दाखवायचं होतं तुला. आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."



"किती होती?" आई विचारते.

"मोजली नाहीत."

"चौदा," आई म्हणते. "दवाखान्यात जायच्या दिवशी चौदा होती."

विनया खाली बघते. फरशी लहानपणीचीच आहे, कोपऱ्यात तडा गेलेली.

"तुला माहीत होतं?"

"इथं ना," आई खाटेवर हात फिरवत म्हणते, "कधीकधी बाळ दगावायचं. बाईची ताकद गेलेली असायची. डॉक्टर म्हणायचे, दोन दिवस सांगू नका. मग ती विचारायची, सिस्टर, बाळ कुठाय? आम्ही म्हणायचो, काचेच्या पेटीत आहे, छान आहे. मी कितीदा म्हटलंय हे. कसं म्हणायचं ते मला पाठ आहे. जरा जास्त गोड, जरा जास्त घाईनं." ती विनयाकडे बघते. "तसंच म्हणालीस तू."

"मग विचारलं का नाहीस?"

"त्या तरी कुठं पुन्हा विचारायच्या? पहिल्यांदा विचारायच्या. मग भिंतीकडं तोंड करून निजायच्या. तिसऱ्या दिवशी दूध भरून यायचं. छातीला फडकं बांधायला मी जायचे. तेव्हा ती माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं बघायचे. सांगायचं काही उरायचं नाही." आई थांबते. "तेव्हा वाटायचं, आपण त्यांचं भलं करतोय. तुझ्याकडून ऐकलं तेव्हा कळलं, कसं लागतं ते."

"रागावलीस?"

"हो तर! अकरा दिवस होते रागावलेली. तू पेज भरवायचीस आणि मी मनात म्हणायचे, भरव, भरव."

विनयाला हसू येतं, आणि ते हसू गळ्यातच मोडतं.

"अळ्या मेल्याचा राग नव्हता," आई म्हणते. "अळ्या मरतातच. बुलबुल नेतो, गांधीलमाशी नेते. शंभरातली दोन उडाली तर देवाची कृपा. पण तू सांगितलं असतंस तर आपण दोघींनी मिळून वाईट वाटून घेतलं असतं. तेवढं एक कोपऱ्यात बसून करायला मला एकटीला सोडलंस. आणि तूही एकटीच करत बसलीस, तिकडं स्वयंपाकघरात. मला ऐकू यायचं."

"चुकलं माझं."

"चुकलं," आई म्हणते. ती 'असू दे' म्हणत नाही. बत्तीस वर्षांत तिनं कुठल्याही कागदावर खोटं लिहिलेलं नाही. तोंडानं बोलली असेल, पण लिहिलेलं नाही. ती खिशातून पेन काढावं तसा हात करते, हवेत काहीतरी लिहिते, खाली सही करते. मग विचारते, "त्यानंतर पाऊस झाला का गं?"

"खूप. आषाढ गेला, श्रावण गेला."

"नवी पालवी आली?"

"आली. झाड भरलंय."

"मग हे त्यानंतरचं पान आहे. ह्यानं काही बघितलेलं नाही."

आणि विनयानं हात पुढं करायच्या आत आई पान तोंडात घालते, अर्ध्यावर दातांनी तोडते. चावते. डोळे बारीक करते. बाळाचं रडणं ऐकून वजन सांगायची, तसा तिचा चेहरा होतो.

"चांगलं आहे. जरा निबर झालंय. त्यांना ह्याहून कोवळं लागतं. तू शेंडे तोडू नकोस." उरलेलं अर्धं पान ती विनयाच्या तळव्यावर ठेवते आणि तिची बोटं एकेक करून मिटवते, नवजात बाळाची मिटवतात तशी. "घे. तुझं."

खाटांवरच्या चादरी हलू लागतात. वारा आहे की काय. आई उठून पुढच्या खाटेकडे जाते, तिथून पुढच्या. ती लांब जात नाही, पण खाटा वाढत जातात.

"आई, उद्या मी जाणार आहे. अंगणाचं काय करू?"

आई वळत नाही. दुसऱ्या कुणा बाळंतिणीशी बोलावं तसं बोलते, "मला काय विचारतेस? ड्युटी बदलली माझी."

कुकरची शिट्टी वाजते. तीच, मघाची, किंवा दुसरी. ऊन पडवीच्या कडेला गेलं आहे आणि फांदीची सावली भिंतीवर चढली आहे. विनया खाटेवर उठून बसते. पायथ्याशी कुणी नाही. चादर तिथं चुरगळलेली आहे, पण ती तिच्या पायांनीही चुरगळली असेल.

उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. बोटं आखडली आहेत, सरळ करायला दुसरा हात लागतो.

तळव्यात लिंबोणीचं अर्धं पान आहे. ते अळीनं खाल्लेलं नाही. अळीची कड गोल, कातरल्यासारखी असते, हे आता तिला माहीत आहे. ही कड वेडीवाकडी, दाबलेली, ओलसर आहे. झोपेत हात लांबवून आपणच तोडलं असेल, आपणच चावलं असेल, असं म्हणून ती जीभ टाळूला लावून बघते. तोंडात कसलीच चव नाही. दुपारच्या भाताचीही नाही.

ती बराच वेळ ते पान बघत राहते. मग, न पुसता, न धुता, तोंडात घालते आणि सावकाश चावू लागते.