तिची गिऱ्हाइकं

भाजी पिकवायचं काम माझं आणि विकायचं बायकोचं. भात कापून झालं की पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला चार गुंठ्यांत आम्ही लाल माठ, मुळा, वांगी करायचो. मंगळवारी आणि शनिवारी पहाटेच्या एसटीने ती भाजीची मोठी टोपली, आमचा हारा, घेऊन रत्नागिरीला जायची. बाजारात बसायची नाही. एका आळीतली आठ घरं तिची होती. मागीलदारी जाऊन बसायची, भाजी द्यायची, भांडून यायची. मी त्या आळीत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. ती गेली तेव्हा माठ नुकता उगवला होता. तीन दिवस ताप, संपलं. तेरावं होईस्तोवर माठ वीतभर झाला. चार दिवसांनी हारा मी उचलला.

पहिल्या घरी एक बाई भांडी घासत होती. मास्तरांची बायको, हे मागाहून कळलं.

"कोण हवंय?"

"भाजी आणलीय. ती येते ना, तिचा मी नवरा."

"अगोबाई! आणि ती कुठाय? दिवाळी होऊन महिना गेला, फिरकली नाही. बाजारातलं गवत खातोय आम्ही."

तोंडातून निघालं, "बरं नाय तिला."

का तसं बोललो ते आजही सांगता येत नाही. मेली म्हणालो असतो तर बाई रडली असती आणि मग मीही. ते मला नको होतं.

बाईने जुडी हातात घेतली. "ही जुडी म्हणायची? तिची जुडी माझ्या दोन हातांत मावत नाही."

"तिचा हात सैल."

"आणि जीभ?"

"ती त्याहून सैल."

बाई हसली. मीही हसलो.

पुढच्या सात घरी तेच सांगितलं. मग दर खेपेला विचारायच्या, कशी आहे? मी सांगायचो, पेज घेते. पुढच्या खेपेला, भात घेते. मग, काल अंगणात येऊन बसली. कोणी मेतकूट द्यायचं, कोणी गुडघ्यांना चोळायला तेल. आणून फडताळात ठेवायचो. घरात तिची गोधडी घडी करून ठेवलेली. त्या आळीत मात्र ती हळूहळू बरी होत होती. खरं सांगायचं तर मी भाजी विकायला जातच नव्हतो. तेवढं ऐकायला जात होतो.

संक्रांत झाली. मंगळवारी मास्तरीणबाई ताटली घेऊन बाहेर आली. तिळगूळ, हिरव्या बांगड्या, एक फणी, कुंकवाची पुडी.

"हे तिचं वाण. दरसाल येते माझ्याकडे हळदीकुंकवाला. यंदा माझ्या नावाने तुम्हीच लावा तिला कुंकू."

तेल घेतलं होतं, मेतकूट घेतलं होतं. कुंकू घेववेना. तिला शेवटचं कुंकू मीच लावलं होतं, तिरडीवर.

"बाई, ती गेली. मी पहिल्यांदा आलो त्याच्या आधीच."

बाईने ताटली दगडावर ठेवली.

"आणि अंगणात येऊन बसली म्हणालात, ती?"

मी हाऱ्यातल्या जुड्या सारख्या करू लागलो.

"रोज देवापुढे तिचं नाव घेत होते हो मी." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "हारा उचला. या दारात परत येऊ नका."

शनिवारी गेलो तर आठही मागीलदारं लावलेली. आतून भांड्यांचे आवाज येत होते. शेवटच्या घरातल्या म्हातारीने खिडकीतून विचारलं, "कशाने गेली?"

"तापाने."

खिडकी लागली.

भाजी स्टँडबाहेरच्या गुरांना घातली आणि घरी आलो. तिची चौकशी करणारं आता कोणी उरलं नव्हतं. पऱ्याला पाणी होतं, पण त्या दिवशी मी मळ्याला शिंपलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माठाने दोन दिवसांत मान टाकली. मुळा आठवडाभर उभा होता.