फुली पुसलेले दोन टायर

रविवारी दुपारी आम्ही दोघांनी चार नव्या टायरांवर तारखा लिहिल्या. माझी बायको सुमन स्टुलावर बसून आकडे वाचायची, मी खडूनं लिहायचो. मला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. शाळाही दुसरीपर्यंतच. ती सातवी झालेली. काम संपलं तेव्हा कोपऱ्यातल्या दोन जुन्या टायरांकडे बोट करून ती म्हणाली, "हे दोन कायले ठेवून राह्यले तुमी? फेका नं."

"बैलबंडीवाल्याले देऊ," मी म्हटलं.

"दोन वर्सं झाले. कोणता बंडीवाला आला?"

तिनं खडू घेतला आणि त्या दोन्हींवरची पुसट झालेली फुली पुन्हा जाड केली. मग चहा ठेवायला उठली.

मंगळवारी सकाळी ती गेली. हार्ट. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही. मला टायरचं सांगायचं आहे.

मंगरूळपीरला माझं टायरचं दुकान आहे. पुढे शेड, मागे घर. आधी पंक्चर काढायचो, मग टायर विकायला लागलो. लोक टायर घ्यायला येतात आणि दोनच गोष्टी पाहतात, चमक आणि नक्षी. टायरच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. त्यात शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. २३१८ असेल तर अठरा सालाच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर बनला. ही तारीख टायरच्या एकाच बाजूला असते. ती बाजू आत गेली की बाहेरून कितीही पाहा, दिसत नाही.

तारीख कशाला पाहायची? रबर पडल्या पडल्याही म्हातारं होतं. वाळतं, कडक होतं, बारीक चिरा पडतात. न वापरलेला टायर नवाच असतो, असं लोकांना वाटतं. नसतो. पाच वर्षांच्या वरचा टायर मी चारचाकीला लावत नाही. असा टायर बंडीला चालतो, कारण बैल काही ऐंशीनं पळत नाहीत. म्हणून सुमन जुन्या टायरवर फुली मारायची. फुली म्हणजे मोटारीला द्यायचा नाही. हा आमचा कायदा. चष्मा लावून आकडे शोधत बसायची मला कधी गरज पडली नाही.

सुमनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दुकानासमोरच मंडप टाकून केला. भंतेजी येणार, पाहुणे येणार, म्हणून आदल्या दिवशी बायांनी सगळं झाडून-धुऊन काढलं. माझी मेहुणी प्रमिला कामाला वाघीण. तिनं दुकानातले टायरही बाहेर काढले, कपड्याच्या साबणानं घासले, उन्हात वाळवले आणि एकावर एक नीट रचून ठेवले. मला हाताला धरून दाखवलं.

"भाऊजी, पाहा कसे चमकून राह्यले! ताईनं किती दिवसात धुतले नव्हते जणू."

मी हो म्हटलं. त्या दिवशी मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

दोन-चार दिवसांनी पाहुणे गेले आणि मी दुकान उघडलं. घरात बसवत नव्हतं. पहिलंच गिऱ्हाईक आलं ते छोट्या मोटारीचं. धनजच्या उपकेंद्रातली सिस्टर, वर्षा तिचं नाव, आणि तिचा नवरा गजानन. शेती करतो. मोटारीचे चारही टायर पार गुळगुळीत झालेले.

"काका, काकू कुठं?" सिस्टरनं विचारलं. मागे एकदा पंक्चर काढायला आली होती तेव्हा सुमननं तिला चहा पाजला होता.

"गेली."

ती म्हणाली, "मले माहीत नव्हतं, काका."

"टायर पाहू," मी म्हटलं.

गजाननचं आधीच ठरलं होतं. "बाबा, मले रुंद टायर टाकून द्या. एकशे पासष्टवाले. गाडी कशी वाघावानी दिसली पाह्यजे."

"रिम पाह्यला का तुमच्या गाडीचा? बारा इंची हाय, अन् अरुंद. त्याच्यावर एकशे पंचेचाळीसच बसते."

"माझ्या दोस्तानं टाकले नं."

"त्याले पूर्ण स्टिअरिंग मारून दाखवाले सांगा. आतून घासते का नाई ते पाहा. अन् तुमच्या गाडीले पॉवर स्टिअरिंग नाई. पार्किंग करता करता खांदे निघतीन."

सिस्टर हसली. "हे तसेही पार्किंग नाई करत, काका. कुठंही उभी करते."

इथे टायर घेणाऱ्यांसाठी सांगतो. छोट्या मोटारीला कंपनीनं जे माप दिलं तेच घ्यावं. ते ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर लिहिलेलं असतं, १४५/८० आर १२ असं. एकशे पंचेचाळीस म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ऐंशी म्हणजे रुंदीच्या मानानं उंची किती टक्के. बारा म्हणजे रिम किती इंची. त्याच्यापुढे चौऱ्याहत्तर असेल तर एक टायर पावणेचारशे किलो वजन झेलतो. त्याहून हलका आकडा घेऊ नये, चार माणसं आणि गव्हाचं पोतं बसतं आपल्या गाडीत. रुंद टायरनं गाडी दिसते भारी, पण पेट्रोल जास्त खाते.

शेवटी गजानन मानला. मग सिस्टरनं विचारलं, "काका, किती सालचे हायत? उद्या पोरीले नागपूरले कॉलेजात सोडाले जाचं हाय. पाहाटे निघतो, समृद्धीवरून."

"मागच्याच सालचे," मी म्हटलं. न पाहता. चार टायर सुमननं वाचले होते, मी लिहिले होते. मला ते पाठ होतं.

रचलेल्या टायरांतून वरचे चार काढले. मशीनवर चढवले, बॅलन्सिंग केलं, नट आवळले. बारा वाजता ते गेले. जाताना गजानन म्हणाला, "बाबा, वाघ नाई तर मांजर तरी दिसते आता."

दोन वाजता मी खडू घेऊन उरलेल्या दोन टायरांपाशी बसलो. हे फुलीवाले दोन, पाण्यानं फुली गेली असेल, पुन्हा मारून ठेवू म्हटलं. एकावर हात फिरवला. नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात, तुम्ही पाहिले असतील. जुन्याचे वाळून तुटतात. माझ्या हाताखाली केस होते. मऊ, लांब. दुसऱ्यावर हात फिरवला. त्याच्यावरही.

टायर उचलला आणि शेजारच्या रशीदभाईच्या चहाच्या टपरीवर नेला.

"रशीदभाई, चष्मा लाव. हे चार आकडे वाच."

त्यानं वाचले. मागच्याच सालचे. दुसरा नेला. तोही तसाच.

"नवा माल हाय नं उत्तमभाऊ. मग तोंड काहून उतरलं?"

दुकानात त्या मापाचे सहाच टायर होते. चार नवे, दोन फुलीचे. नवे दोन माझ्यासमोर होते. मग गाडीवर काय गेलं, ते समजायला शाळा लागत नाही.

प्रमिलानं मायेनं धुतले. साबणानं फुली गेली. रचताना जुने वर आले. तिची चूक नाही. फेका म्हणून सांगितल्यावर ज्यानं फेकले नाहीत, त्याची चूक.

"फोन लाव त्या सिस्टरले," सगळं ऐकून रशीदभाई म्हणाला.

नंबर नव्हता. गिऱ्हाइकाचा नंबर विचारायचं काम सुमनचं. मी जन्मात कोणाला नंबर विचारला नाही. आणि फोन लावून तरी काय? त्या मापाचे टायर धनजमध्ये कोण चढवून देणार? ते म्हणणार, नागपूरहून आल्यावर पाहू. पहाटे समृद्धीवर शंभरच्या वर गाडी, आत पोरगी, आणि सात-आठ वर्षांचा वाळलेला टायर. पुढचा फुटला तर गाडी हातात राहत नाही.

मी बारा इंची दोन जुने रिम भंगारातून काढले. ते घासले, ठोकून पाहिले, नवे दोन टायर त्यांच्यावर चढवले, हवा भरली, बॅलन्सिंग केलं. ट्यूबलेस टायर मशीनशिवाय आणि मोठ्या हवेशिवाय बसत नाही. पण चाकच तयार नेलं तर तिथे फक्त नट काढायचे. तेवढं मला रस्त्यावरही येतं.

रशीदभाईनं टपरी पुतण्याच्या भरवशावर टाकली आणि आपली मालाची अ‍ॅटो काढली. "बस," एवढंच म्हणाला. कारंजावरून धनजला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती.

सिस्टरच्या अंगणात गाडी नव्हती.

"काका? तुमी इथं?"

"गाडी कुठं हाय?"

"हे घेऊन गेले. नवे टायर टाकले म्हणून समृद्धीवर ट्रायल घेतो म्हणे. पोरगीही बसली. काहून?"

मी सांगितलं. फिरवून सांगता येत नाही मला. "चारातले दोन टायर जुने हायत. माझी चूक. बदलाले आलो."

ती नर्स आहे. एकच प्रश्न विचारला. "फुटू शकते?"

"शकते."

तिनं नवऱ्याला फोन लावला. तो घरातच बाजेवर वाजला. पोरीचा लावला, लागला नाही. परत लावला, नाहीच लागला. मग ती ओट्यावर बसली आणि हातातला फोन नुसता उलटा-सुलटा करत राहिली. रशीदभाई रस्त्यावर जाऊन उभा राहिला. ती मला एक शब्दही वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मी घड्याळ पाहिलं नाही. रशीदभाई ओरडला, "आली! आली!"

गाडी अंगणात आली. गजानन काच खाली करून हसत होता. "बाबा! घरपोच सर्व्हिस काय? शंभरपर्यंत नेली, मस्त चालते तुमचं मांजर."

सिस्टर उठली, दार उघडून पोरीला हात धरून बाहेर काढलं आणि नवऱ्याकडे वळली. "शंभर? तुमाले कोणी सांगतलं होतं शंभर?"

"अव, काय झालं?"

"उतरा आधी!"

तो उतरला. पोरगी कानातले इअरफोन काढून विचारत होती, काय झालं, काय झालं. मी जॅक लावून गाडीपाशी खाली बसलो.

एकेक चाक काढून आतली बाजू वर केली. "सिस्टर, आकडे वाचा."

ती उकिडवी बसली, मोबाईलचा उजेड पाडला आणि वाचायला लागली. पुढचं डावं चाक, मागच्या सालचं. पुढचं उजवं, अठरा. मागचं डावं, मागच्या सालचं. मागचं उजवं, अठरा. ती वाचत गेली तसा मी खडूनं लिहीत गेलो. अठराच्या दोन्हींवर फुली मारली. हात आपोआप चालला.

गजाननला चिरा दाखवल्या. अंगठ्यानं दाबलं की केसाएवढ्या दिसत होत्या. तो म्हणाला, "बाबा, तुमी आले नसते तर आमाले कायी समजलं नसतं."

"समजलं असतं," मी म्हटलं. "समृद्धीवर."

नवी दोन चाकं बसवली, फुलीची दोन अ‍ॅटोत टाकली. बाकीच्या दोन चाकांची हवा पाहिली तर पंपावरून चाळीस पाउंड भरून आणलेली. लांब जायचं म्हणून जास्त हवा भरायची, ही आपल्याकडची पद्धत. तीस पुरते, आणि ती थंड टायरमध्ये मोजायची. पहाटे निघायच्या आधी कमी करायला सांगितली आणि माझा मोजायचा गेज त्याच्याकडे ठेवला. सिस्टरनं चहा केला. चहा पिताना मी म्हटलं, "बाई, तुमचा नंबर सांगा." तिनं स्वतःच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला, मला दिसेल असा.

धडा म्हणाल तर एवढाच. टायर चढवायच्या आधी तारीख वाचा. दुकानदारानं तोंडी सांगितली तरी वाचा. मीही सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही. ते दोन टायर रिमवरून काढून अंगणात आणले आणि धारदार सुरीनं दोन्हींचं अंग चारी बाजूंनी कापलं, बंडीलाही चालणार नाहीत असं. अर्ध्यात सिस्टरचा फोन आला. "पोचलो काका. पोरगी होस्टेलात गेली." बरं म्हटलं. मग बसून दुसराही पुरा कापला आणि सुमन दोन वर्षं फेका म्हणत होती ते दोन्ही भंगारात नेऊन फेकले.